आलान्याला पहिल्यांदा जाताना: वाल्सर वस्त्या, पायवाटा आणि मोंते रोझाची उंची

इटलीच्या आल्प्समधल्या आलान्या वालसेसियाला पोचलेला नवखा माणूस बहुधा दुसऱ्याच दिवशी सकाळी रोपवेच्या रांगेत उभा राहतो. आकाश निळंशार असतं, तिकीट खिशात असतं आणि तासाभरात तो ३,२७५ मीटरवरच्या इंद्रेनला पोचतो. दुपारी तो डोकं धरून खाली येतो आणि संध्याकाळी जेवणाकडे बघवत नाही. ज्यांची घरं बघायला एवढ्या लांब यायचं, त्या वाल्सर लोकांच्या वस्त्या पाहायला मग वेळ उरत नाही आणि त्राणही.

म्हणून इथला क्रम असा ठेवा: आधी पायी वस्त्या, मग वरची दरी, आणि रोपवे सगळ्यात शेवटी. वस्त्या १,२०० ते १,८०० मीटरच्या पट्ट्यात आहेत. त्या पाहण्यात दोन-तीन दिवस गेले की शरीरालाही उंचीची थोडी ओळख होते. पुढची सगळी माहिती याच क्रमाने दिली आहे.

गाव कुठे आहे आणि कसं आहे

इटलीच्या पिएमोंते प्रांतात, वेर्चेल्ली जिल्ह्यात, सेझिया नदीच्या खोऱ्याच्या अगदी टोकाला आलान्या आहे. गाडीरस्ता इथेच संपतो आणि त्यापुढे मोंते रोझा या पर्वताची भिंत उभी राहते. गावाची उंची १,१९१ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच. तरी डोंगर इतक्या जवळून चढतात की हिवाळ्यात गावात सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो. खोली घेताना ती कुठल्या बाजूला आहे आणि ऊन किती वाजता येतं हे जरूर विचारा.

वाल्सर हे जर्मन वंशाच्या बोली बोलणारे डोंगरी शेतकरी. स्वित्झर्लंडमधल्या वरच्या वाले भागातून ते बाराव्या-तेराव्या शतकात बाहेर पडले आणि खिंडी ओलांडून आल्प्सच्या अनेक खोऱ्यांत पसरले. वाले म्हणजेच वाल्लिस, त्यावरून वाल्लिसर आणि त्याचं झालं वाल्सर. जमीनदारांना आणि मठांना वरची ओसाड कुरणं कसून हवी होती, वाल्सरांना जमीन हवी होती. बदल्यात त्यांना वंशपरंपरागत कूळहक्क आणि बऱ्यापैकी स्वातंत्र्य मिळालं. आलान्यात ते शेजारच्या ग्रेसोने आणि माकुन्यागा खोऱ्यांतून तेराव्या शतकात उतरले. त्यांची बोली तित्शू आता मोजकी म्हातारी माणसंच बोलतात, पण ठिकाणांच्या नावांत ती शाबूत आहे. दोर्फ म्हणजे गाव, वोल्ड म्हणजे रान. इटालियन भाषिक मुलखात अशी नावं दिसली की तिथे वाल्सर राहिले होते असं समजायचं. १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने इटलीने ज्या भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण दिलं, त्यांत जर्मन बोली बोलणारे समूहही येतात.

पायरी १: कधी जायचं

चालायचं असेल तर जूनअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. या काळात वरचे रोपवे चालू असतात, डोंगरातली निवासस्थानं (इथला शब्द ‘रिफूज्यो’) उघडी असतात आणि खिंडींवरचा बर्फ बराच वितळलेला असतो. फक्त वस्त्या आणि गावावरचं ओत्रोचं पठार पाहायचं असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम: गर्दी ओसरलेली असते, लार्चची झाडं पिवळी पडायला लागलेली असतात. स्कीइंगसाठी डिसेंबर ते एप्रिलचा मध्य.

चुकतं ते मे महिन्यात. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी म्हणून लोक मे महिन्यात येतात आणि मधल्याच हंगामात सापडतात. स्कीइंग संपलेलं असतं, वरच्या वाटांवर ओला बर्फ असतो, रोपवे देखभालीसाठी बंद आणि अर्धी हॉटेलंही बंद. नोव्हेंबरचं तेच. या दोन महिन्यांत तिकडे गेलात तर दरीत खाली असलेल्या वाराल्लोत राहा, तिथला साक्रो मोंते (म्हणजे पवित्र डोंगर) पाहा आणि आलान्याला एका दिवसापुरतं या.

पायरी २: व्हिसा, विमा, कागदपत्रं

शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो गेलेला असावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत भेटीची वेळ मिळणं हीच मोठी अडचण असते, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढताना पॉलिसीतली अपवादांची यादी वाचा. स्वस्त प्रवासविम्यात स्कीइंग, गिर्यारोहण आणि ठराविक उंचीवरचं ट्रेकिंग वगळलेलं असतं. कागद व्हिसाला चालतो, पण पाय मोडल्यावर उपयोगी पडत नाही. हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारून घ्या.

इटलीत गाडी चालवायची असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. आरटीओतून तो निघण्याआधीच काढा, तिकडे मिळत नाही.

पायरी ३: पोचायचं कसं

गाडीने: मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून ए-२६ महामार्ग धरा, रोमान्यानो सेझिया–गेम्मे या फाट्यावर उतरा आणि सेझियाच्या कडेकडेने वर चला. फाट्यापासून गाव साधारण ६० किलोमीटर. वाराल्लोनंतर दरी अरुंद होते. बर्फाच्या महिन्यांत (१५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल) डोंगरी रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या गाडीत असणं सक्तीचं आहे. भाड्याच्या गाडीत त्या आपोआप नसतात, काउंटरवर मागाव्या लागतात.

बसने: मिलानहून रेल्वेने नोवारा किंवा वेर्चेल्ली, तिथून बसने वाराल्लो आणि पुढे आलान्या. वाराल्लो ते आलान्या साधारण ३५ किलोमीटर, तासाभराचा प्रवास. नोवारा–वाराल्लो रेल्वेमार्ग नकाशावर दिसतो, पण त्यावरची नेहमीची प्रवासी वाहतूक २०१४ पासून बंद आहे. हा मार्ग बघून आखणी करणारे नोवारा स्टेशनात अडकतात. बसचं वेळापत्रक बघताना दोन शब्द ओळखून ठेवा. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सणाचा दिवस. फेस्तिवोला गाड्या फार कमी असतात, म्हणून पोचण्याचा दिवस रविवार ठेवू नका.

मोठी खरेदी, औषधं, सिमकार्ड हे सगळं वाराल्लोतच उरका. आलान्यात छोटी दुकानं आहेत, पण दुपारी साडेबारा ते साडेतीनच्या सुमारास ती बंद असतात, पुण्यासारखीच.

पायरी ४: पहिला दिवस, गावातल्या वस्त्या

आलान्या हे एकसंध गाव नाही, विखुरलेल्या वाड्यांचा समूह आहे. मधला भाग चर्च, हॉटेलं आणि रोपवेच्या स्थानकाभोवती वाढला. खरी वाल्सर घरं पाहायला पेदेमोंते, रोंको, रियाले, बोंदा अशा वाड्यांत जायला हवं. चालत दहा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. सुरुवात पेदेमोंतेच्या वाल्सर संग्रहालयापासून करा. १६२८ सालचं एक घर जसंच्या तसं ठेवलं आहे. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि उन्हाळ्याबाहेर बरेच दिवस दार बंद असतं, म्हणून आदल्या दिवशी पर्यटन कार्यालयात विचारून ठेवा. आतून एक घर नीट पाहिलं की बाहेरून पुढची सगळी घरं वाचता येतात.

घर वाचायचं ते खालून वर.

तळमजला दगडी. उतारात अर्धा खुपसलेला, भिंती जाड, खिडक्या वहीच्या पानाएवढ्या. इथेच गोठा, स्वयंपाकघर आणि बसण्या-उठण्याची खोली. जनावरं आणि माणसं एकाच मजल्यावर, कारण आठ महिन्यांच्या थंडीत गाईंच्या अंगाची ऊब फुकट मिळे. राहत्या खोलीत सहज कोरता येणाऱ्या मऊ दगडाची भट्टी असते. तो दगड सावकाश तापतो आणि रात्रभर ऊब सोडत राहतो. भट्टीत लाकूड घालायचं तोंड बहुधा स्वयंपाकघराच्या बाजूला असतं, म्हणजे बसायच्या खोलीत धूर येत नाही.

वरचे मजले लाकडी. लार्चचे ओंडके चौरस तासून एकावर एक रचलेले आणि कोपऱ्यावर खाचांनी एकमेकांत अडकवलेले. ओंडक्यांची टोकं कोपऱ्यात बाहेर आलेली दिसतात, ती मोजली की भिंत किती थरांची आहे कळतं. लार्चमध्ये राळ भरपूर असते, त्यामुळे ते सहजी कुजत नाही. उन्हाने काळंभोर होतं एवढंच. घर जितकं काळं तितकं ते बहुधा जुनं. दक्षिणेकडची भिंत उत्तरेकडच्यापेक्षा जास्त काळी दिसते ती यामुळेच.

आता आलान्याची खरी खूण. लाकडी मजल्यांना तीन-चारही बाजूंनी खुली पडवी असते आणि तिला खालपासून वरपर्यंत आडव्या काठ्या मारलेल्या असतात. पाहुण्याला तो कठडा वाटतो, पण तो सुकवणीचा मांडव आहे. इथला उन्हाळा इतका छोटा की गवत आणि राय (गव्हासारखं धान्य) पूर्ण वाळायच्या आतच कापावं लागे. ओली पेंढी या काठ्यांवर अडकवायची, वरून छपराची झेप, चारी बाजूंनी वारा. आपल्याकडे पावसाळ्याआधी गवत माळ्यावर चढवतात, तसंच हे, फक्त माळा घराच्या बाहेरून गुंडाळलेला.

छप्पर दगडी चिपांचं. चौरस मीटरला शेकडो किलो वजन, त्यावर बर्फाचा भार. म्हणून आतले वासे इतके जाड असतात. बर्फ घसरून पडू नये, छपरावरच राहावा अशीच अपेक्षा असे, कारण बर्फाचा थर थंडी अडवतो.

एक गोष्ट इथे शोधू नका: उंदीर चढू नयेत म्हणून खांबांवर बसवलेले गोल चपटे दगड. वाल्सर म्हटलं की छायाचित्रांत तेच दिसतात. पण ती रचना सुट्या कोठारांची आहे, ग्रेसोनेत आणि स्वित्झर्लंडच्या वालेत भरपूर दिसते. आलान्यात गोठा, घर आणि कोठार एकाच छपराखाली आल्यामुळे तिची फारशी गरज पडली नाही.

बहुतेक घरांत आजही लोक राहतात. अंगणासारखी दिसणारी जागा खासगी असू शकते. पडवीत चढू नका, खिडकीला कॅमेरा लावू नका. वाडीतला हौद सार्वजनिक. त्यातलं वाहतं पाणी पिण्याचं नसेल तिथे ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असते.

वेळ उरला तर दोन-तीन किलोमीटर खालचं रीवा वाल्दोब्बिया गाठा (२०१९ पासून ते आलान्याच्याच नगरपालिकेत आहे). तिथल्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर मेल्कियोर्रे द’एन्रिकोने १५९७ मध्ये काढलेलं अंतिम न्यायाचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. चारशे वर्षं उन्हापावसात उघडं राहूनही ते वाचता येतं. द’एन्रिको घराणं आलान्याचंच. चित्रकार तान्झ्यो दा वाराल्लो आणि साक्रो मोंतेवर राबलेला मूर्तिकार जोव्हान्नी हे याच घरातले. शेतीवर भागत नसल्यामुळे इथले पुरुष गवंडी, मूर्तिकार, चित्रकार बनून बाहेर जात आणि शेत-गुरं बायका सांभाळत. डोंगर आणि कारागिरी इथे एकत्र का आली याचं उत्तर तेच.

पायरी ५: दुसरा दिवस, ओत्रो

नवख्यासाठी सगळ्यात चांगली वाट हीच. गावातून पश्चिमेकडे रानातून चढ आहे, ४८० मीटरच्या आसपास. आल्प्समध्ये साध्या पाठपिशवीसह तासाला ३०० ते ३५० मीटर चढ हा सर्वसाधारण वेग धरतात, म्हणजे दीड तास. वर पोचलात की उंची जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढी, आणि तिथे शिखराच्या जागी हिरवं पठार व त्यावर सहा-सात वाड्या. फोल्लू, दोर्फ, स्कार्पिया, वेंग, च्युक्के. फोल्लूला हिममाता मेरीचं छोटं देऊळ आहे. इथवर गाडीरस्ता नाही आणि म्हणूनच वाड्या जशा होत्या तशा राहिल्या.

वाटेवरच्या खुणा समजून घ्या. झाडावर किंवा दगडावर लाल-पांढरे पट्टे म्हणजे तुम्ही वाटेवर आहात. दहा मिनिटं पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे या. पाटीवर वेळ तासांत लिहिलेली असते आणि ती न थांबता चालण्याची असते, त्यात पाव भाग मिळवा. इटालियन गिर्यारोहण संघाची (काई) प्रतवारी पाटीवर किंवा नकाशावर दिसते. ‘त’ म्हणजे फिरायची वाट, ‘ए’ म्हणजे सवयीच्या चालणाऱ्यासाठी, ‘ए ए’ म्हणजे जाणकारासाठी. सह्याद्रीत राजगड-तोरणा करणाऱ्याला ‘ए’ सोपी जाते. ‘ए ए’ला मात्र उताराचा बर्फ आणि निसरडं गवत असतं, ज्याची सवय सह्याद्रीत होत नाही.

ओत्रोला काय चुकतं? लोक फोल्लूला जेवून परत फिरतात. पुढे अर्धा तास सपाटीनेच चालायचं आहे आणि वाड्यांची घडण तिथेच कळते. प्रत्येक वाडी चार-पाच घरांची, घरं एकमेकांना खेटलेली आणि सभोवती मोकळं कुरण, कारण सपाट जमीन इतकी मोलाची की घरासाठी ती वाया घालवायची नाही. हिमप्रपाताच्या वाटेतून बाहेर असलेला कोपरा निवडून तिथेच सगळ्यांनी बांधायचं.

गुरांसाठीची फाटकं उघडलीत तर मागे लावा. गवत कापायच्या आधी कुरणातून आडवं चालणं इथे उभ्या पिकातून चालण्यासारखंच आहे.

पायरी ६: तिसरा दिवस, सेझियाच्या उगमाकडे

गावाच्या वर वोल्डला मोठा वाहनतळ आहे. उन्हाळ्याच्या गर्दीच्या दिवसांत त्यापुढे खासगी गाड्यांना बंदी असते आणि आक्वा बियांका या धबधब्यापर्यंत शटल बस जाते. चालत गेलात तर पाऊण तास. धबधब्यापासून रानातल्या पायवाटेने वीस-पंचवीस मिनिटांत पास्तोरे रिफूज्यो लागतं, १,५७५ मीटर. कुरणावरची दगडी घरं आणि समोर मोंते रोझाची पूर्ण भिंत. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर ढग चढतात. जवळच सेझियाने खडकात कोरलेल्या खोल कुंड्या आहेत. त्यांच्या कडेचे खडक ओले आणि गुळगुळीत असतात, फोटोसाठी टोकाला जाऊ नका.

पुढे तूर्लो खिंडीकडे (२,७३८ मीटर) जाणारी फरसबंद वाट सुरू होते. याच बाजूने वाल्सरांची माकुन्यागाशी ये-जा होती. आजची दगडी फरस दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इटलीच्या पहाडी सैनिकांनी घातली. खिंड ओलांडणं पूर्ण दिवसाचं, दमवणारं काम आहे. पहिल्या खेपेला त्या वाटेवर तासभर चालून परत येणं पुरेसं.

हा सगळा भाग आल्ता वालसेसिया नैसर्गिक उद्यानात येतो. फुलं तोडणं आणि ड्रोन उडवणं टाळा. शिट्टीसारखा आवाज आला तर तो मार्मोटचा. मोठ्या खारीसारखा हा प्राणी बिळाच्या तोंडाशी उभा राहून इशारा देतो.

पायरी ७: आता रोपवे

टप्पे तीन: आलान्या ते पियानालुंगा (सुमारे २,०५० मीटर), तिथून पासो देई सालाती (सुमारे २,९७० मीटर) आणि शेवटचा इंद्रेन (३,२७५ मीटर). दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. गावात २२ अंश असेल तर इंद्रेनला आठ-नऊ, आणि वारा असेल तर शून्याजवळ वाटेल. टोपी, हातमोजे, वारारोधक जाकीट, काळा चष्मा आणि सनस्क्रीन हे सगळं जुलैतही लागतं.

पियानालुंगाला अर्धा तास थांबा, मग वर जा. सालातीला चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. डोकं दुखायला लागलं की पाणी पिऊन बघा. अर्ध्या तासात थांबलं नाही तर खाली उतरा. ‘आलोय तर इंद्रेन बघूनच जाऊ’ हे वाक्य इथे महागात पडतं. हृदयविकार किंवा दमा असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा.

परतीची शेवटची फेरी किती वाजता हे वर चढण्याआधी फलकावर बघा आणि फोनमध्ये गजर लावा. सालातीच्या पलीकडे ग्रेसोनेचं खोरं आहे. तिकडे उतरून परतीचा रोपवे चुकला तर डोंगराला वळसा घालून रस्त्याने आलान्याला यायला कित्येक तास लागतात. टॅक्सीचं बिल एका रात्रीच्या हॉटेलपेक्षा जास्त होतं. तिकडेच खोली घेतलेली बरी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचं वादळ येतं आणि रोपवे अचानक थांबवतात, म्हणून दोनच्या आत परतीला लागा.

इंद्रेनच्या पुढे हिमनदी सुरू होते. बर्फ सपाट दिसतो, पण त्याखाली भेगा असतात. न्यिफेत्ती रिफूज्यो (३,६४७ मीटर) इथून दीड तासावर आहे म्हणून लोक साध्या बुटांत निघतात. असं करू नका. दोर, हार्नेस, बुटांना लावायचे लोखंडी काटे आणि वाटाड्या हवाच. आलान्यात वाटाड्यांची संघटना १८७२ पासून आहे. मोसमात आठवडाभर आधी नोंदणी करा.

मार्गेरिताचं स्वप्न

मोंते रोझाच्या सिग्नालकुप्पे शिखरावर ४,५५४ मीटरला रेजिना मार्गेरिता हे युरोपातलं सर्वांत उंच रिफूज्यो आहे. या शिखरावर पहिल्यांदा आलान्याचा पाद्री जोव्हान्नी न्यिफेत्ती ९ ऑगस्ट १८४२ रोजी, चौथ्या प्रयत्नात पोचला. १८९३ मध्ये तिथे लाकडी झोपडी उभारली आणि राणी मार्गेरिता स्वतः वर चढून आली. आजची इमारत १९८० ची, बाहेरून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली. वीज पडली तर ती पत्र्यातून खडकात उतरावी म्हणून. उंचीच्या आजारावर इथे शंभराहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे, आणि त्याला आजारी माणसं कधी कमी पडली नाहीत.

चढाई तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे. अडचण हवेची आणि भेगांची. ३,००० मीटरच्या वर दर रात्री झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. तो अगदी काटेकोर पाळणं इथे जमत नाही, पण त्याच्या जवळ जाणारी आखणी अशी: आलान्यात किमान दोन रात्री, मग कोल द’ओलेनजवळच्या चित्ता दी विजेवानो रिफूज्योत (२,८६४ मीटर) एक किंवा दोन, मग चित्ता दी मांतोवा (३,४९८ मीटर) किंवा न्यिफेत्तीत एक रात्र. तिथून पहाटे चार-पाचला निघून चार-पाच तासांत मार्गेरिता आणि दुपारच्या आत खाली. उशीर झाला की भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात. मार्गेरितात झोपण्याचा हट्ट पहिल्या खेपेला सोडा. झोप लागत नाही हाच बहुतेकांचा अनुभव.

माणूस तोल जाऊन चालू लागला, गोंधळल्यासारखं बोलू लागला किंवा बसल्या जागी धापा टाकू लागला तर सकाळची वाट बघायची नाही. त्याला ताबडतोब खाली न्यायचं.

रिफूज्योतला मुक्काम

जागा आधी राखून ठेवा आणि येणार नसाल तर कळवा. न पोचलेल्या माणसाला शोधायला लोक बाहेर पडतात. ‘मेझ्झा पेन्स्योने’ म्हणजे रात्रीचं जेवण, झोप आणि न्याहारी. बूट दाराशी काढायचे, आत चपला मिळतात. ब्लँकेट असतं, पण स्वतःची पातळ चादरीची पिशवी (‘साक्को लेन्झुओलो’) सक्तीची असते. जेवण सातच्या सुमारास, सगळ्यांना एकदम. दहाला दिवे बंद. वर पाणी बर्फ वितळवून येतं, त्यामुळे आंघोळ विसरा आणि पिण्याची बाटली विकत घ्यावी लागेल हे गृहीत धरा. रोख पैसे ठेवा, कार्डाचं यंत्र वर नेटवर्कवर अवलंबून असतं.

शाकाहारी पोट

मियाच्चे शोधा. लांब दांड्याच्या तापलेल्या लोखंडी पाट्यांवर भाजलेले, आपल्या घावनासारखे पातळ आणि कडेला कुरकुरीत. आत तोमा चीज किंवा मुरंबा. पिठात दूध आणि अंडं असतं, अंडं चालत नसेल तर हे वर्ज्य. पोलेंता कोंचा म्हणजे मक्याचं घट्ट पिठलंच म्हणा, लोणी आणि चीज ढवळून. दोन दिवस चालायला पुरेल असं जड. ‘उबरलेक्के’ हा वाल्सरांचा खास पदार्थ, तो उकडलेल्या मांसाचा आहे.

फसगत सूपमध्ये होते. भाज्यांचं मिनेस्त्रोनेही मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. विचारा: ‘चे ब्रोदो दि कार्ने?’ आणि सांगा: ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, म्हणजे मांस-मासे नको. पारंपरिक तोमामध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. कडक शाकाहारी असाल तर बटाटे, पोलेंता आणि बीन्सवर राहावं लागेल. ठेपले, खाकरे, चटणीची पूड सोबत असू द्या, पण वाटाड्यासोबत हिमनदीवर जाताना सुका मेवा आणि चॉकलेटच बरं. थंडीत कडक झालेला ठेपला चावत नाही.

स्वयंपाकघरं साडेबारा ते दोन आणि साडेसात ते नऊ एवढीच चालतात. साडेतीनला भूक लागली तर बारमध्ये सँडविच मिळेल, जेवण नाही.

हिवाळ्यात

स्की शिकायचं असेल तर आलान्या ही पहिली निवड नसावी. गावाजवळ वोल्डला नवशिक्यांचा छोटा उतार आहे, पण वरचे उतार लांब आणि तीव्र आहेत. त्याच खोऱ्यात खाली आल्पे दि मेरा शिकायला जास्त सोयीचं. आलान्याची ख्याती आहे ती आखलेल्या मार्गाबाहेरच्या स्कीइंगची, आणि ते वाटाड्याशिवाय करणं म्हणजे हिमप्रपाताला आमंत्रण. धोक्याचा अंक १ ते ५ असतो. ३ वाचून ‘मध्यमच आहे’ असं समजणाऱ्यांचे अपघात सर्वाधिक होतात.

इटलीत आखलेल्या उतारावर स्की करताना दुसऱ्याला झालेल्या इजेसाठीचा विमा १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. तो पाससोबत दिवसापुरता विकत मिळतो. २०२५–२६ च्या हंगामापासून हेल्मेट सर्व वयांना सक्तीचं आहे. हिमप्रपाताचा धोका असलेल्या भागात, बर्फातल्या पायी फेरीलाही, संदेशयंत्र (गाडलेल्या माणसाची जागा दाखवणारं), फावडं आणि शोधकाठी जवळ हवी.

अडचण आली तर

फोन ११२. बाजूच्या दऱ्यांत नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि हॉटेलात वाट सांगून निघा. आवाजाने किंवा दिव्याने मदत मागायची तर मिनिटाला सहा इशारे, दर दहा सेकंदांनी एक. मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करून इंग्रजी वायसारखे उभे राहा: होय, मदत हवी. एक हात वर, एक खाली: नको. आनंदाने दोन्ही हात हलवून वैमानिकाला अभिवादन करणारे पर्यटक दर उन्हाळ्यात निघतात, आणि हेलिकॉप्टर उतरतं.